बिरातात्यांचा लाल ठिपका

सातवीच्या वर्षी मी निम्मे दिवस शाळेत गैरहजर होते आणि हजेरीपटावर त्याचं कारण ‘आजारी’ असं लिहिलेलं आहे. मी एक दिवसही आजारी नव्हते. डाळिंबाच्या बागेत राखण करत होते.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तेव्हा अडीच एकर होतं. एक एकर डाळिंब, बाकी वांगी आणि दोडका. फळ रंगायला लागलं की उजाडताना पोपट यायचे, त्यांच्यामागं बुलबुल. बागेवर जाळी टाकायची ऐपत नव्हती. आई-आण्णा वांग्यात वाकलेले, थोरला भाऊ दहावीला म्हणून त्याला सूट. उरले मी. राखणीसाठी उभारलेल्या माळ्यावर बसायचं, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. चुलत्याची पोरगी राखणीतच मोठी झाली आणि तशीच लग्न होऊन गेली, तिचं कुणाला काही वाटलं नाही. माझंही वाटलं नसतं.

मग आण्णांनी कुणाकडून तरी वापरलेली छर्ऱ्याची बंदूक आणली. आमच्या भागात राखणीवाले करतात त्या दोन्ही चुका त्यांनी केल्या. पहिली, सकाळी बंदूक ताणून घ्यायची ती संध्याकाळपर्यंत तशीच मांडीवर ठेवायची, कारण पाखरू काही आपल्यासाठी थांबत नाही. दुसरी, छर्रा न घालताच उडवायची. आवाज झाला म्हणजे झालं, छर्रा कशाला वाया घालवायचा? दोन महिन्यांत बंदूक खोकायला लागली. पोपट फांदीवर बसून आमच्याकडं बघत खायचे.

बाजारात आण्णांना कुणीतरी सांगितलं, बारामतीला एमआयडीसीच्या मागं बिरातात्या म्हणून आहेत, ते बंदुका बघतात. वांग्याच्या गाडीतून आम्ही दोघं गेलो. पत्र्याची शेड, आत एक जुना लेथ, भिंतीला टांगलेली घोंगडी, आणि लेथशी वाकलेला उंच, वाळका माणूस. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, छातीला बिल्ला. त्यांनी बंदूक हातात घेतली, एकदा ताणली आणि कानाला लावली. डॉक्टर छातीचे ठोके ऐकतो तशी.

“दिवसभर ताणून ठिवता का?”

आण्णा अभिमानानं म्हणाले, “व्हय. तयार असावी.”

“हात वर करा.”

“आँ?”

“उजवा हात सरळ वर करा. मी सांगंपातूर खाली घ्यायचा न्हाय.”

आण्णांनी केला. तात्या शांतपणे बंदुकीचा दस्ता सोडवायला बसले. स्क्रू काढले, फडक्यावर ओळीनं मांडले, आत बॅटरी मारून बघितलं. आण्णांचा हात थरथरायला लागला, घाम आला. पण परक्या माणसासमोर खाली कसा घ्यायचा? बऱ्याच वेळानं तात्यांनी मान वर केली.

“आता त्याच हातानं मला एक थोबाडीत मारा बघू.”

आण्णांचा हात लोंबत खाली आला. तात्या म्हणाले, “स्प्रिंग अशीच बसती, पाव्हणं.” मग माझ्याकडं बघून विचारलं, “आज बुधवार. ही शाळंत का न्हाय?”

राखण, म्हणून आण्णांनी सांगितलं.

“म्हंजी हिलाबी ताणूनच ठिवलीया म्हना की.”

आण्णांना राग आला होता, पण बंदूक तात्यांच्या फडक्यावर सुटी पडलेली. उठून जाताही येईना.

तात्यांनी तेव्हा गॅस स्प्रिंगचं सांगितलं. मोटारीची डिकी उघडली की तिला वर धरून ठेवणारा दांडा असतो ना, नळकांड्यात वायू दाबून भरलेला, तसला दांडा बंदुकीत स्प्रिंगच्या जागी बसवायचा. पोलादी वेटोळं ताणून ठेवलं की थकतं. दाबलेला वायू थकत नाही, सकाळी जेवढा तेवढाच संध्याकाळी. त्यांनी एक तयार दांडा बाहेरून मागवून बघितला होता, मग त्या मापानं स्वतः लेथवर सुटे भाग कातून घेतले होते. रिकामी बंदूक मात्र कधीच उडवायची नाही, आतला दट्ट्या आपटून खराब होतो, हे त्यांनी आण्णांकडून तीनदा वदवून घेतलं. छर्ऱ्याऐवजी त्यांनी लोकरीच्या गोळ्या दिल्या, मेंढीची लोकर ओली करून घट्ट चेपलेल्या. आवाज होतो, बंदूक सांभाळते आणि पाखराला लागत नाही. “पाखरू हाकलायचं हाय, मारायचं न्हाय,” म्हणाले.

मजुरीचं आण्णांनी विचारलं तर म्हणाले, पोरगी शाळेत गेली पाहिजे, एवढीच. आण्णा हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे.

तात्यांची बहीण इंदापुराजवळ दिलेली. रजेच्या दिवशी ते आमच्याच रस्त्यानं तिच्याकडं जायचे. महिन्याभरानं एका सकाळी त्यांना मी माळ्यावर दिसले. मोटारसायकल बांधाला लावली, माझ्या हातातून बंदूक घेतली, तिथंच बांधावर बसून आतला दांडा काढला, खिशात घातला आणि गेले. आण्णांनी आठ दिवस त्यांना शिव्या घातल्या. नवव्या दिवशी मला शाळेत पोचवलं, आणि तसेच बारामतीला जाऊन दांडा परत बसवून आणला. त्यानंतर राखणीला आण्णा आणि आई पाळीपाळीनं बसले. मी फिजिक्समध्ये बीएस्सी झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नाही. माझ्या शिक्षणाचं श्रेय घ्यायला पुढं बरेच जण आले, ज्यांनी मला माळ्यावर बघून मान फिरवली होती तेसुद्धा. म्हणून हे आधी लिहून ठेवलं.

तात्यांचं घराणं मेंढरांचं. वडील वर्षातले आठ महिने कळप घेऊन बाहेर. इंदापूरच्या बाजूच्या माळांवर तात्यांचं लहानपण गेलं. मग माळ आटत गेले. कुठं प्लॉट पडले, कुठं तारा आल्या, कुठं ‘इथं चराई बंद’ अशी पाटी. मेंढरं विकली आणि तात्या एमआयडीसीत लागले. डिक्यांचे दांडे करणाऱ्या एका कारखान्यात, ठेकेदाराकडून, हेल्पर म्हणून. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हाही हेल्पर होते आणि शेवटपर्यंत हेल्परच राहिले. दांडा कुठून वायू सोडतोय हे यंत्रानं सापडलं नाही की इंजिनियर पोरं त्यांना बोलवायची. ते दांडा कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि बोट ठेवायचे. ज्यांना त्यांनी हे काम शिकवलं ती पोरं साहेब झाली. एकानं तर पुढं त्यांना बिल्ला नीट लावला नाही म्हणून फाटकावर उभं केलं. मी चिडून बोलले तेव्हा तात्या हसून म्हणाले, “आदी मोकळी हो.”

हे त्यांचं कायमचं बोलणं. बंदूक हातात आली की पहिलं, “आदी मोकळी करा,” म्हणजे ताणलेली असेल तर उतरवा, मग बोला. माणूस तावातावानं शेडमध्ये आला की त्यालाही तेच. माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी फोनवरही तेच. मला ते पटायचं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. काही गोष्टींवर माणसानं ताणलेलंच राहावं.

बारामतीच्या ज्या कॉलेजात मी शिकले तिथंच पुढं लॅबमध्ये नोकरीला लागले. कॉलेजच्या नेमबाजीच्या मुलींकडं चार जुन्या स्प्रिंगच्या बंदुका होत्या. घोडा दाबला की आतलं वेटोळं झणकायचं, बंदूक अंग वळवायची आणि छर्रा भलतीकडं. मी तात्यांचं नाव सुचवलं. खेळाच्या सरांनी त्यांना सांगितलं, जरा जोरदार करून द्या. तात्यांनी चारही बंदुकांत गॅसचे दांडे बसवले आणि वायू मुद्दाम कमी ठेवला. सर म्हणाले, जोर वाटत नाही. तात्या म्हणाले, “कागदच फाडायचाय न्हवं, सर? का भिंत पाडायचीय?” त्या वर्षी आमच्या मुली जिल्ह्यातून निवडून पुढं गेल्या.

वार्षिक समारंभात शाल-नारळ कुणाला मिळाला? मुलींच्या टोप्या देणाऱ्या दुकानदाराला. तात्यांना मी हट्टानं बोलावलं होतं. ते बोकडाच्या केसांसारखी राठ मिशी चोपून, धुतलेला शर्ट घालून आले, तर दारावरच्या स्वयंसेवकानं त्यांना मंडपवाला समजून खुर्च्या पुढं सरकवायला लावल्या. मी बघेपर्यंत दोन ओळी लावून झाल्या होत्या. त्यांना राग आला नाही. मला आला, आणि तो अजून आहे.

त्यांच्या हातातून गेलेल्या प्रत्येक बंदुकीला त्यांची खूण असायची. दस्ता काढला की आत लाकडावर तीन तिरप्या रेघा. मेंढरांच्या कानाला त्यांच्या घराची हीच खूण होती. शेजारी पेन्सिलीनं वायूचा दाब. आणि दांड्यात वायू भरायचं तोंड बंद केल्यावर त्यावर वितळलेल्या लाखेचा ठिपका. त्या लाखेत ते हुरमुंज मिसळायचे, मेंढरांच्या पाठीवर ओढायचा तो लाल रंग. मी एकदा म्हटलं, आत कोण बघणार आहे, तात्या? म्हणाले, “मेंढरू हरवल्यावरच कान बघत्यात.”

हरवलं ते असं. एका मोठ्या बागाईतदाराच्या माणसानं राखणीसाठी त्यांच्याकडून बंदूक करून नेली होती, आमच्यासारखीच, लोकरीच्या गोळ्यांची. वर्षभरानं बागाईतदाराचा मुलगा स्वतः ती बंदूक घेऊन शेडवर आला. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. मी कॉलेजची एक बंदूक न्यायला तिथं आलेली होते. गाडीतून न उतरताच त्यानं हाक मारली, “ए तात्या, हिच्यात दम भर जरा. पोपट हाकलून कंटाळा आला.”

तात्यांनी विचारलं, मग काय हाकलायचंय?

तो हसला. माळावर हरणं फिरतात म्हणाला. चिंकारा. त्या माळावर तात्यांनी मेंढरं राखली होती, चिंकाऱ्यांची पाडसं कळपाच्या कडेनं उभी राहून बघायची, हे ते नेहमी सांगायचे. तात्या गाडीपाशी गेले.

“ही बंदूक हितं ठिवून जा. मी तुमाला जाळी घिऊन दितो बागंवर.”

“तुला काय सांगितलं ते कर.”

“न्हाय करणार.”

एवढंच. पोरानं दुसरीकडं करून घेईन म्हणून सांगितलं आणि धूळ उडवत गेला. तात्या बराच वेळ लेथ चालू करून नुसते बसले होते. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, आधी मोकळे व्हा. ते म्हणाले, “गप बस.”

तीनएक महिन्यांनी वनरक्षकाला माळावर तो पोरगा सापडला. गाडीत चिंकाऱ्याचं पाडस, मेलेलं. बंदूक जप्त झाली आणि पोरानं काय सांगावं? ही बंदूक मला बारामतीच्या बिरातात्यानं बनवून दिली, तो असल्या बंदुका विकतो. दुसऱ्या दिवशी शेडवर वनखात्याची माणसं आली. दुरुस्तीला आलेल्या तीन बंदुका उचलल्या, त्यात कॉलेजच्या दोन. तात्यांना इंदापूरच्या बाजूच्या त्यांच्या कचेरीत बोलावलं. कॉलेजच्या बंदुकांसाठी मीही गेले. जाताना लॅबमधलं वेग मोजायचं यंत्र पिशवीत घातलं. छर्रा एका उजेडाच्या पट्ट्यातून दुसऱ्यात जातो, तेवढ्या वेळावरून वेग निघतो.

कचेरीत काय बघितलं ते जसंच्या तसं लिहिते. ज्याच्या गाडीत पाडस सापडलं तो खुर्चीत, शेजारी वडील, पुढ्यात चहा. ज्यानं नाही म्हटलं तो भिंतीला टेकून उभा. मी लिपिकाला म्हटलं, यांना बसायला द्या. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही बसा. मी बसले नाही.

अधिकारी नवे होते, तरणे, आणि निदान ऐकून घेणारे होते. त्यांनी ती बंदूक टेबलावर ठेवली आणि तात्यांना विचारलं, ही तुमच्याकडची आहे का?

दस्ता अजून बंद होता. आतली खूण कुणालाच दिसत नव्हती. बागाईतदाराच्या हातात ना पावती ना कागद. तात्या ‘माझी नव्हे’ म्हणाले असते तर तिथंच सुटले असते. मी त्यांच्याकडं बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होते. मी, बीएस्सी झालेली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

तात्यांनी स्क्रू काढायचं हत्यार मागितलं, दस्ता उघडला आणि साहेबांपुढं धरला.

“माझीच हाय, सायेब. ह्या तीन रेघा माझ्या.”

बागाईतदार खुर्चीत पुढं सरकला. “बघा, कबूल केलं.”

“केलं की,” तात्या म्हणाले. “आता ह्यो पेन्सिलीचा आकडा वाचा. मी भरल्याला दाब. आन् हितं माझा लाल ठिपका पायजे. हितं काय हाय?”

दांड्याच्या तोंडावर लाख नव्हती. पांढरी टेप गुंडाळलेली होती, नळाला गुंडाळतात ती, आणि कडेला लाल रंगाचा एवढासा कपचा उरलेला.

साहेबांनी विचारलं, हे तुम्ही नंतर केलं नाही कशावरून? प्रश्न बरोबर होता, पण मला संताप आला. तात्यांना नाही. ते म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या हातच्या ही धरून नऊ बंदुका आहेत. तुम्ही सांगाल ती आणा, मला हात लावू देऊ नका, तुमच्या माणसाकडून उघडा.

साहेबांनी खरंच तसं केलं. जप्त केलेल्या तीन होत्याच, आणखी दोन बागांत माणूस पाठवला. त्यातली एक आण्णांची. आण्णा बंदुकीसोबतच आले आणि कुणी न सांगता तात्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. पाचही दस्ते उघडले. पाचही ठिकाणी तीन रेघा, आकडा, लाल ठिपका शाबूत. मागच्या मोकळ्या जागेत वाळूचं पोतं ठेवून एकेक बंदूक उडवली आणि मी वेग मोजला. छर्ऱ्याचं वजन, वेग, त्यावरून ताकद, हे गणित अकरावीचं आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीला परवान्याशिवाय जेवढी ताकद कायदा चालवून घेतो, त्या मर्यादेच्या निम्म्यावरही पाचही बंदुका जात नव्हत्या. माळावरची बंदूक मर्यादेच्या बरीच वर गेली.

साहेबांनी पोराला विचारलं, ही टेप कुणी लावली? पोरगा वडिलांकडं बघायला लागला. वडील चहाच्या कपाकडं. मग हळूहळू एका गॅरेजवाल्याचं नाव बाहेर आलं.

तात्यांना जायला सांगितलं. झालं. कुणी ‘चूक झाली’ म्हटलं नाही, कुणी ‘बसा’ही म्हटलं नाही. बाहेर आल्यावर आण्णांनी त्यांना विचारलं, तुमी न्हाय म्हनून का सुटला न्हाय? तात्या म्हणाले, “खूण आपली आन् मेंढरू दुसऱ्याचं, आसं कसं म्हनायचं?”

कारखान्यात ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती. ठेकेदारानं दुसऱ्या आठवड्यात बिल्ला काढून घेतला. पोलिसांचं लफडं असलेला माणूस नको म्हणाला. पोलिसांचं लफडं कुणाचं होतं? मी साहेबांच्या कागदाची नक्कल घेऊन गेले, तर फाटकावरच्या माणसानं ती वाचायलाही हातात घेतली नाही. ज्या पोरांनी तात्यांच्या कानाच्या जिवावर पगारवाढी घेतल्या त्यातलं एकही फाटकापर्यंत आलं नाही. हे मी विसरणार नाही, आणि त्यांनी वाचावं म्हणूनच इथं लिहिलं आहे.

तात्या आता बारामती-इंदापूर रस्त्याला टपरी टाकून डिक्यांचे आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटचे दांडे दुरुस्त करतात. आता तिथं त्यांना हेल्पर म्हणणारं कुणी नाही. पण टपरी टाकायच्या आधी त्यांनी एक काम केलं. उरलेल्या बंदुकांच्या मालकांकडं एकेक करून गेले. कुणी सांगितलं नव्हतं. दस्ता उघडायचा, ठिपका बघायचा, तोंड कायमचं डाखून टाकायचं म्हणजे परत कुणाला वायू भरताच येऊ नये, आणि वरून नवा ठिपका. आमच्याकडं आण्णांची करायला आले तेव्हा मी त्यांना शेवटचं तसं काम करताना बघितलं. माळ्याखाली बसलेले, घोंगडीवर स्क्रू ओळीनं मांडलेले. काम झालं, बंदूक कानाला लावली, डोळे मिटले. माझ्या भावाची मुलगी दप्तर पाठीला लावून बांधावरून शाळेला निघाली होती. तात्यांनी डोळे उघडून तिला विचारलं, “आज वार कोणता?”

“बुधवार.”

“पळ मग.”

चिंकाऱ्याच्या केसचं आरोपपत्र कोर्टात गेलं आहे. मी ते वाचलं. त्यात बागाईतदाराच्या मुलाचं नाव आहे, गॅरेजवाल्याचं आहे. बिरातात्यांचं नाव साक्षीदार म्हणून आहे, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांच्या उरलेल्या आठही बंदुका तपासून झाल्या आहेत आणि आठही ठिपके जागेवर आहेत.